सुतारमेटावरचा सॅपर

पहाटे साडेचार

गजर लावत नाही. १९९८ मध्ये खडकीला बॉम्बे सॅपर्सच्या, म्हणजे फौजेतल्या इंजिनिअरांच्या, सेंटरवर रंगरूट म्हणून उभा राहिलो, तेव्हापासून शरीर याच सुमाराला उठतं. २०२२ मध्ये हवालदार म्हणून पेन्शनीत आलो. गावात मात्र सगळे मेजर म्हणतात. आमच्या सातारा भागात फौजेतून परतलेला कुठल्याही हुद्द्याचा माणूस मेजरच असतो. त्यात माया असते, म्हणून कुणी दुरुस्त करत नाही.

चहाचं आधण ठेवतो आणि ते उकळेपर्यंत शेडमध्ये एक फेरी मारतो. घरामागची ही पत्र्याची शेड म्हणजे माझं सुतारमेट. रात्री शिकंज्यात आवळलेली चौकट सोडायची नसते, नुसती बघायची: सांध्यातून फेव्हिकॉल कुठे जास्त ओघळलाय, कुठे फट दिसतेय. नोव्हेंबर लागलाय, हवा कोरडी पडलीय. या दिवसांत फळ्यांची टोकं तडकतात, कारण लाकडातलं पाणी बाजूंपेक्षा टोकांतून फार भरभर निघून जातं. म्हणून रचून ठेवलेल्या प्रत्येक फळीच्या दोन्ही टोकांना मी उरलासुरला ऑइलपेंट फासतो आणि थरांच्या मध्ये पट्ट्या घालतो, वारा खेळता राहावा म्हणून. ओल्या लाकडाचं दार करून देणारा सुतार गिऱ्हाइकाला फसवतो, असं माझं स्पष्ट मत आहे. दार घरात लागल्यावर वाळतं आणि महिन्याभरात चौकटीशी त्याचं जमेनासं होतं.

फौजेतून परतलेला मी इथे एकटा नाही. अपशिंगे मिलिटरी हे गाव आमच्याच तालुक्यातलं. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण कामी आले आणि इंग्रज सरकारनं त्यांच्यासाठी तिथे स्मारकाचा दगड बसवला. त्या पंचक्रोशीची रीत अजून तीच आहे, घरटी कुणीतरी फौजेत. त्यामुळे दर वर्षी कुणीतरी काळी ट्रंक घेऊन कायमचं परतही येतं. शिपाई असेल तर छत्तिशी-सदतिशीत, हवालदार असेल तर चाळिशी ओलांडून. मुलं शाळेत असतात, आईवडील थकलेले असतात, आणि अंगात अजून पंचवीस वर्षांचं काम शिल्लक असतं. अशा माणसापुढे पहिल्यांदा काय ठेवलं जातं? गेटवरची खुर्ची. बँकेच्या, कारखान्याच्या नाहीतर सोसायटीच्या गेटवरची. माझे कितीतरी जोडीदार ते काम इमानानं करतात, त्याला मी नाव ठेवणार नाही. पण कुणी नदीवर पूल टाकलेला असतो, कुणी वायरलेस सेट दुरुस्त केलेले असतात, कुणी उंच पहाडावर अख्ख्या कंपनीचा लंगर सांभाळलेला असतो, आणि या सगळ्यांना आपण सरसकट एकाच खुर्चीवर बसवतो. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सव्वापाच

शाळेच्या मैदानावर भरतीची पोरं पळतात. मी शिट्टी आणि घड्याळ घेऊन उभा असतो. सोळाशे मीटर, मग बीमवर पुलअप्स, मग नऊ फुटांचा खड्डा. त्यांतला एक पोरगा दिवसा माझ्याकडे काम शिकतो. बारावी झालेला, अंगानं काटक, हाताला घाई.

जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. भरतीचं वय तेव्हा साडेसतरा ते एकवीस, नोकरी चार वर्षांची, आणि त्यानंतर चौघांतला जास्तीत जास्त एक कायम. बाकीचे पंचविशीच्या आसपास घरी. सेवानिधीचे म्हणून सुमारे ११ लाख ७१ हजार मिळतील असं योजना जाहीर झाली तेव्हा सांगितलं होतं. पैसा मिळेल, पण पंचविशीतल्या पोराला पैशाइतकंच रोज सकाळी हाताला काम लागतं. आम्ही चाळिशीत परतायचो तेव्हा निदान पेन्शन असायची. या पोरांना ती नाही. म्हणून मैदानावर येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच विचारतो, पळणं झाल्यावर दिवसभर काय शिकतोस? बरेच जण गप्प राहतात.

सात

शेड उघडली की पहिला तास धारेचा. पटाश्या आणि रंध्यांची पाती. दगडावर तेलाचे दोन थेंब, पातं कोनात धरायचं आणि मनगट न हलवता पुढे-मागे घ्यायचं. थोड्या वेळानं मागच्या बाजूला बारीक कड फुटते, बोटाला कळते, डोळ्याला दिसत नाही. पातं पालथं करून ती कड काढली की धार तयार. तपासायची ती अंगठ्याच्या नखावर. पातं घसरलं तर परत दगडावर, नखाला जागच्या जागी धरलं तर कामाचं.

पोराची पटाशी पोरानंच पाजळायची, हा माझ्या शेडचा नियम. पलटणीत कुणी दुसऱ्याची रायफल साफ करत नाही. जिच्या भरवशावर उभं राहायचं तिची ओळख आपल्याच हाताला पाहिजे.

सॅपरला आधी शिपाई करतात, मग सुरुंग, पूल, रस्ते, पाणी हे सगळं शिकवतात आणि मग एक ट्रेड देतात. मला सुतारीचा मिळाला. शेतकऱ्याच्या घरातला मी, त्याआधी कुऱ्हाडीपलीकडे लाकडाशी संबंध नव्हता. पण फौजेतली सुतारी वेगळी. बंकरचं छत, पुलावरच्या फळ्या, चांदमारीच्या टार्गेटच्या चौकटी, सामानाच्या पेट्या. काम दणकट आणि वेळेत व्हायला हवं, बस. तिथे कुणी देव्हारा करायला सांगत नाही. पाळणा करायला सांगत नाही.

सव्वाआठ

आप्पा येतात. वय ऐंशीकडे झुकलंय, काठी टेकत येतात, बाकड्यावर बसतात. त्यांचं घराणं गावचं सुतार. बलुत्याच्या काळात त्यांचे वडील सुगीला खळ्यावर जाऊन धान्य आणायचे आणि त्याच्या मोबदल्यात वर्षभर गावाचे नांगर, कुळव, पाभरी, जोखडं नीट ठेवायचे. पेरणीच्या आधी सुतारमेटावर रात्री कंदील लावून काम चालायचं म्हणे. पुढे लोखंडी औजारं आली, ट्रॅक्टर आला, बैल गेले. आप्पांची मुलं पुण्याला गेली, तिथे प्लायवूडच्या कामात रमली. हत्यारांची पेटी माळ्यावर गेली.

पेन्शनीत आल्यावर मी नारळ घेऊन त्यांच्या दारात गेलो. फौजेतलं काम येतं, घरातलं शिकवा म्हणालो. गावात कुजबुज झाली. शेतकऱ्याच्या घरातला, तोही मेजर, सुताराच्या हाताखाली बसतो! आप्पांनी त्याकडे लक्ष दिलं नाही, मीही दिलं नाही. आपल्याकडे हुन्नर जातीच्या कप्प्यात बंद करून ठेवले आणि कप्पा रिकामा झाला की हुन्नरही गेला, हे मला आमच्या गावातच डोळ्यांसमोर दिसत होतं. आप्पांच्या पेटीतला वाकस मी पहिल्यांदा उचलला तेव्हा त्याचा दांडा तीन पिढ्यांच्या हातांनी गुळगुळीत झालेला होता. तो आता माझ्या शेडमध्ये आहे, पण माझा नाही. आप्पांचाच आहे.

साडेनऊ

आजचं मोठं काम जुनी तुळई. वाईकडचा एक वाडा उतरवला, त्यातलं सागवान मी घेतलं. नव्या सागवानापेक्षा मला हे आवडतं. शंभर वर्षं छताखाली राहिलेलं लाकूड जेवढं हलायचं तेवढं हलून झालेलं असतं. वरचा चुलीच्या धुराचा काळा थर काढला की आत तपकिरी-सोनेरी रंग निघतो आणि चिरताना तो तेलकट वास शेडभर पसरतो.

पण जुन्या लाकडात खिळे असतात. दिसणारे काढता येतात. ज्यांची डोकी गंजून गेलीत आणि वर लाकूड मिटलंय ते दिसत नाहीत. वाड्यांच्या लाकडात लोहारानं घडवलेले चौकोनी खिळे निघतात, बोटभर लांब. मशीनच्या रंध्याखाली असा एक आला तर पात्याचा तुकडा उडून डोळ्यात जायला क्षण पुरतो. म्हणून तुळई मशीनवर चढवायच्या आधी सकाळचा बराचसा वेळ तिच्या तपासणीत जातो, आणि घाई करणाऱ्याला मी त्या वेळी शेडमध्ये थांबू देत नाही.

आधी तारेच्या ब्रशनं माती आणि काजळी काढायची. मग दोरीला बांधलेलं लोहचुंबक सावकाश फिरवायचं, एकेक हात जागा धरून, आधीच्या पट्ट्यावर थोडं चढवून, म्हणजे मध्ये काही सुटत नाही. चुंबक जरा जरी ओढलं गेलं तरी खडूनं गोल काढायचा. मग डोळे मिटून बोटं फिरवायची. गंज लाकडात उतरला की भोवती निळसर-काळा डाग पडतो आणि तिथला पोत खरखरीत लागतो. शेवटी बारीक टोकदार सळी घेऊन संशयाच्या जागी तिरकी टोचायची.

तिरकी का, असं पोरानं विचारलं. सळी तिरकी असली की खिळ्याच्या अंगाला लागते, त्याचा कल कुठे आहे ते कळतं, हे लाकडाचं उत्तर झालं. माझ्या हाताला ती सवय दुसरीकडून आलीय. संसदेवरच्या हल्ल्यानंतर, डिसेंबर २००१ मध्ये ऑपरेशन पराक्रम सुरू झालं आणि सीमेवर सुरुंग पेरले गेले. पुढे ते काढायचं कामही सॅपर्सचंच. राजस्थानात वाळू सरकते, नकाशात जिथे खूण असते तिथे सुरुंग सापडेलच असं नाही. पोटावर पडून, प्रॉडर, म्हणजे टोचायची सळी, जमिनीशी साधारण तीस अंशांत धरून, बोटभर बोटभर पुढे जायचं. सुरुंगावर दाब वरून पडला तर तो फुटतो, बाजूनं टोक लागलं तर हाताला नुसता कठीणपणा कळतो. मोकळ्या झालेल्या वाटेच्या दोन्ही कडांना पांढरी फीत. नोंदीत पेरलेले किती, काढलेले किती, हा हिशोब जुळेपर्यंत काम संपलं असं म्हणायचं नाही. त्या कामात माझ्या ओळखीची माणसं जायबंदी झाली. पोराला मी एवढं सगळं सांगत नाही. टोचणीचा कोन तेवढा नीट धरायला लावतो.

सापडलेला खिळा सरळ ओढायचा नाही, तुटतो आणि निम्मा आत राहतो. भोवतीनं पटाशीनं थोडं लाकूड मोकळं करायचं, पकडीनं धरून डावी-उजवीकडे हलवत, थांबत थांबत काढायचा. भोक राहतं, त्यात त्याच तुळईच्या लाकडाची खुंटी ठोकायची, रेषा जुळवून. नीट बसली तर पॉलिशनंतर शोधावी लागते.

निघालेले खिळे एका डब्यात मोजून टाकतो. खडूचे गोल आणि डब्यातले खिळे सारखे भरले, की मगच मशीनचं बटण.

साडेअकरा

साताऱ्यात एका शिक्षक बाईंच्या घरी मधलं दार बसवायचं होतं. टेम्पोत दार, चौकट, पाणसळ, ओळंबा, गुण्या. चौकट पाच बाय तीनच्या लाकडाची, दार सात फूट बाय तीन फूट.

फौजेत आम्ही बेली ब्रिज टाकायचो. दुसऱ्या महायुद्धात डोनाल्ड बेली नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं तो शोधून काढला आणि अजून डोंगराळ भागात तो जोडला जातो. त्याचं एक पॅनल दहा फूट लांब, वजन अडीचशे किलोच्या वर, सहा माणसांनी उचलायचं. त्याची करामत अशी की कुठलंही पॅनल कुठल्याही पॅनलला बसतं. पिन आत गेली की झालं. अंधारात, पावसात, खाली पाणी वाहतंय, तरी हात चुकत नाहीत, कारण भोकासमोर भोक येणारच असतं.

घरातली सुतारी याच्या बरोबर उलट. एका घराचं दार शेजारच्या घराला बसत नाही. त्याच घरातल्या दोन खोल्यांची दारंसुद्धा अदलाबदल करता येत नाहीत. भिंत ओळंब्यात नसते, फरशीला उतार असतो, गवंड्यानं एका बाजूला गिलावा जाड मारलेला असतो. बाईंच्या घरी ओळंबा सोडला तर भिंत वरून खालपर्यंत तीन सूत बाहेर. आठ सुतांचा एक इंच, म्हणजे फरक थोडा नाही. अशा वेळी चौकट भिंतीला धरून बसवली तर दार आपोआप उघडत राहतं. चौकट ओळंब्यातच बसवायची आणि भिंतीशी पडलेली फट पट्टी घालून झाकायची.

चौकट काटकोनात आहे का हे बघायला मी गुण्यावर भागवत नाही. दोन्ही कर्ण मोजतो. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, मग उलट. दोन्ही मापं सारखी आली की चौकट चौकोनी. शाळेतलं हे गणित बाईंनी लगेच ओळखलं आणि त्यांच्या पाचवीतल्या मुलीला बोलावून टेप धरायला लावला. तिनं दोन्ही मापं वहीत लिहून घेतली.

"मेजर, पावसाळ्यात फुगणार नाही ना?" बाईंनी विचारलं. जुनं दार त्यांना जून ते सप्टेंबर खांद्यानं ढकलावं लागायचं.

"फुगेल ताई. लाकूड आहे, फुगणारच. फक्त त्याला फुगायला जागा ठेवलीय."

मग त्यांना दाराच्या मधल्या फळ्या हलवून दाखवल्या. लाकूड लांबीत फारसं वाढत नाही, रुंदीत वाढतं. म्हणून उभ्या-आडव्या पट्ट्यांची चौकट पक्की जोडायची आणि मधली रुंद फळी खाचेत नुसती सरकवून ठेवायची. तिला खिळा नाही, फेव्हिकॉल नाही. पावसात ती खाचेत थोडी आत सरकते, उन्हाळ्यात थोडी मागे येते आणि बाहेरची चौकट आहे तशीच राहते. हल्ली घाईत फळी चिकटवून टाकतात. एक पावसाळा गेला की तीच फळी मधोमध फाटते आणि लोक लाकडाला दोष देतात.

बिजागऱ्या तीन, वरची चौकटीच्या कडेपासून सात इंच खाली. झडप लावली, सोडली. निम्म्यात सोडलेलं दार निम्म्यातच थांबलं. पैसे घ्यायच्या आधी मी एवढं बघतो.

दीड

जेवण. भाकरी, वांग्याचं कालवण, कांदा. बायको समोर बसते, घरातली बोलणी याच वेळी होतात. माझी नोकरी चालू होती तेव्हा हा वेळ आम्हाला कधी मिळाला नाही. मुलगी झाली तेव्हा मी सिक्कीमला होतो, तिचा पाळणा भाड्यानं आणला होता. तिला मूल झालं तेव्हा पाळणा मी केला, शिवणीच्या लाकडाचा, हलका. बायकोनं त्याला हळदकुंकू लावलं आणि त्या दिवशी ती फार बोलली नाही.

अडीच

दुपारी शेडमध्ये गिऱ्हाइकांपेक्षा पेन्शनवाले जास्त येतात. नोव्हेंबर म्हणजे हयातीच्या दाखल्याचा महिना. दाखला गेला नाही तर पेन्शन थांबते आणि आता सगळं ऑनलाइन.

आज एक काकू आल्या. त्यांचे यजमान मराठा लाइट इन्फंट्रीत होते, एकाहत्तरच्या लढाईला गेलेले. ते वारल्यावर कुटुंबपेन्शनवर काकूंचं चालतं. गावातल्या केंद्रावर अंगठा लावायला गेल्या तर मशीन घेईना.

"मेजर, धा येळा लावला बघा. माझं बोट ऱ्हायलंच न्हाई म्हनतंय."

जन्मभर खुरपं आणि शेण-सारवण केलेल्या बोटांवरच्या रेषा झिजतात. माझ्याही झिजल्यात, पॉलिशपेपरनं. फोनवरून चेहरा दाखवूनही दाखला निघतो, ही सोय २०२१ पासून आहे, पण खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसांना कुणी सांगत नाही. काकूंना उजेडात बसवलं. फोन म्हणाला डोळे मिटा-उघडा. काकूंनी पदर सारखा केला आणि फोटो काढतात तशा ताठ बसल्या. दुसऱ्या खेपेला दाखला झाला. एखादा शिकलेला पोरगा हे काम दहा मिनिटांत करू शकतो, आणि गावात असे पोरगे भरपूर आहेत. कुणाच्या तरी दारात जाऊन त्यांनी हे करावं, असं मला पोटतिडकीनं वाटतं. साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयापर्यंत जाणं काकूंच्या गुडघ्यांना झेपत नाही.

गुडघ्यांवरून विषय निघाला. पाटावर बसवत नाही, स्वयंपाक उभ्यानं होत नाही. मी टेपनं त्यांच्या गुडघ्यापासून जमिनीपर्यंतचं माप घेतलं. बाजारातलं स्टूल त्यांना उंच पडतं, पाय लोंबकळतात. पंधरा इंचांचं, रुंद बैठकीचं, बाजूला हात टेकायला एक दांडी असलेलं करायचं ठरलं. वाड्याच्या लाकडाचे तुकडे उरलेत, त्यात होईल.

साडेतीन

पोराला आज कुसू शिकवायचं. एका लाकडाचं टोक तासून जीभ काढायची, तिला कुसू म्हणतात. दुसऱ्या लाकडात तिच्या मापाची खाच. जीभ खाचेत हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी गेली पाहिजे. हातानं सरकली तर सैल, जोर लावावा लागला तर खाचेचं लाकूड फाटणार.

खाच दोन्ही बाजूंनी निम्मी-निम्मी कोरायची. आप्पा बाकड्यावरून नुसते ऐकत असतात. पोरगा पटाशी मारतोय, त्यांची पाठ त्याच्याकडे.

"आवाज ऐक," ते म्हणाले. "भरीव वाजतंय तवर मार. पोकळ वाजाय लागलं की हातोडी ठेव, हातानं काढ."

पोरानं आणखी काही ठोके दिले आणि मग त्यालाच ऐकू आलं. आवाज बदलला होता. त्यानं हातोडी ठेवली. मला त्या क्षणी जे वाटलं ते मला सेंटरवर पोरांची पासिंग आउट परेड बघतानाही वाटायचं.

आणि मग वीज गेली. मशीनचं काम थांबलं, हाताचं चालू राहिलं. वीज नसताना शेड शांत असते तेव्हाच पोरं फौजेतलं विचारतात. आज राण्यांविषयी सांगितलं. सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे, कारवारकडचे, आमच्याच बॉम्बे सॅपर्सचे. एप्रिल १९४८ मध्ये नौशेराहून राजौरीकडे जाणारा रस्ता शत्रूनं सुरुंगांनी आणि आडव्या पाडलेल्या चिडाच्या झाडांनी अडवला होता. गोळीबार चालू असताना, जखमी झालेले असताना राण्यांनी ती झाडं आणि ते सुरुंग हटवून रणगाड्यांना वाट करून दिली. परमवीर चक्र मिळालं. पोरांना बंदूक चालवणारे शूर माहीत असतात. करवत, कुदळ आणि प्रॉडर घेऊन पुढे जाणारेही त्यांना माहीत असावेत, असा माझा आग्रह आहे.

वीज आली त्या गडबडीत बाहेर कुणाच्या तरी हातून प्लायचा अख्खा ताव सपाट फरशीवर पडला. त्या आवाजाला माझं शरीर अजून माझ्याआधी हलतं. मी खाली वाकलेलो असतो आणि मग मला कळतं. पोरगा आता काही विचारत नाही. मी भिंतीशी जरा उभा राहतो, तो तोपर्यंत रंधा चालू ठेवतो. सपाट लाकडावर रंध्याचा तो लांब, एकसारखा सरसर आवाज मला फार उपयोगी पडतो. फौजेतून आलेल्या अनेकांना असं होतं आणि ते घरात कुणाला बोलत नाहीत. बोलावं. डॉक्टरांनाही दाखवावं, ईसीएचएसमध्ये, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्ययोजनेत, त्याची सोय आहे. मी दाखवलं, फरक पडला.

सहा

शेड झाडायची. रंध्याचे पापुद्रे वेगळे, ते चुली पेटवायला नेतात. भुसा वेगळा, तो गोठ्यात खाली टाकायला. सागवानाचा भुसा काहींच्या अंगाला खाजवतो, म्हणून गोठ्यासाठी आंब्याचाच देतो.

मग हत्यारांची मोजणी. भिंतीवर फळी आहे, तिच्यावर प्रत्येक हत्याराची बाहेरची रेघ काढलीय. रिकामी रेघ लगेच दिसते. पोरगा मोठ्यानं मोजतो, मी वहीवर टिकमार्क करतो. आज अर्ध्या इंची पटाशी कमी आली. कुणी घरी गेलं नाही. पापुद्र्यांचा ढीग परत उपसला आणि तळाशी ती सापडली. त्या ढिगात कुणीतरी पहाटे चुलीसाठी हात घातला असता.

साडेसात

पोराचे वडील आले. ऊसतोडीच्या टोळीचं बोलणं करून थेट इकडेच आलेले, अंगावर दिवसभराची धूळ. बाकड्यावर टेकले. बोलायचं होतं, पण आधी उसाच्या दराची चर्चा झाली.

"मेजर, पोरगं हितं लाकूड तासत बसलं तर भरतीचं कसं व्हायचं? तालुक्याला अकॅडमी हाय. फी भरतो म्हनलं तर जायला तयार न्हाई."

"पळायला सकाळी येतोच की तो. वेळ चांगली निघतेय."

"आन झाली भरती, तर ह्ये शिकल्यालं वाया."

"दादा, चार वर्षांनी परत आला तर? पंचविशीत त्याला कुणी विचारलं काय येतं, तर काय सांगेल तो?"

ते काही बोलले नाहीत. पोरानं आज केलेला सांधा बाकड्यावर पडला होता. त्यांनी तो उचलला, उजेडात धरला, दोन्ही लाकडं दोन हातांत धरून पिळून पाहिली. कुरकुर झाली नाही. परत एकदा, जोर लावून. मग सांधा मांडीवर ठेवला.

"ह्यात खिळा न्हाई?"

"नाही."

"चिकटवलंय?"

"अजून नाही. नुसतं बसवलंय."

ते पोराकडे बघत राहिले. पोरगा कोपऱ्यात झाडू धरून उभा होता.

"त्या पटाश्या कितीला येत्यात?" त्यांनी मला विचारलं.

मी म्हणालो, अख्खा संच नको. पाव, अर्धा आणि एक इंच, एवढ्या तीन पुरेत. रविवारी मी पुण्याला टिंबर मार्केटला फळ्या बघायला जाणार आहे, तेव्हा आणतो. पैसे तुम्ही द्यायचे नाहीत. काकूंचं स्टूल तो करणार आहे, त्याच्या मजुरीतून कापून घेईन.